पपईपुरता चाकू

मला किळस लवकर येते. कुणाला सर्दी लवकर होते, तशी मला किळस. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा आमटीत बुडालेला दिसला की माझं जेवण तिथेच संपतं. एस.टी. स्टँडवर काकडी सोलून तिला तिखटमीठ लावून देणारा माणूस चाकू कुठे पुसतो ते मी एकदा पाहिलं. मांडीवर. मांडी पॅन्टीत होती एवढंच काय ते समाधान. तेव्हापासून मी बाहेर कापलेलं काही खात नाही आणि खिशात स्वतःचा चाकू ठेवतो. माझी बायको नव्या माणसाला माझी ओळख करून देताना सांगायची, "हे बँकेत होते. आधी ताट हुंगतात, मग यजमानांकडे बघून हसतात." ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. वर्ग हसवायची सवय, ती घरी माझ्यावर चालवायची.

खिशातले चाकू मी बरेच बदलले. एक हरवला, एक बोथट झाला, एकाची मूठ निघाली. कुणावर जीव जडला नव्हता. चाकू तो चाकू. पण दोन वर्षांमागे बायकोला कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, आणि पहिल्याच डोसनंतर तिचं नाक माझ्याहून तिखट झालं. सुरमईपेक्षा बांगडा बरा म्हणून माझ्याशी भर बाजारात भांडणारी बाई, तिला आता शेजारच्या घरी मासे आले की पंखा लावून तोंड भिंतीकडे करावं लागे. भाताच्या वाफेने तिला ढवळायचं. फोडणीचा आवाज झाला तरी ती पदर नाकाला लावायची, वास येण्याच्या आधीच.

चिपळूणच्या बाजूला ज्या दवाखान्यात आम्ही जायचो, तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस पुढे ढकलावा लागेल, आणि डोस पुढे ढकलणं आपल्याला परवडणारं नाही. काहीही करा, पण त्यांच्या पोटात जाऊ द्या. फळं चालतील. पण समोर सोललेली, तेवढ्यापुरती कापलेली. मी म्हटलं, तेवढं माझ्यावर सोडा. स्वच्छतेच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता.

घरी येऊन पपई कापली, स्वयंपाकघरातल्या चाकूने. तिने पहिली फोड तोंडात घातली आणि काढली. "कांदा लागतोय," म्हणाली. मी चाकू नाकाशी नेला. खरंच लागत होता. साबणाने, चिंचेने, राखेने घासला तरी पात्यात कुठेतरी कांदा बसलेलाच. विळी घेतली तर तिच्यावर इतक्या वर्षांची मासळी. अडकित्त्याला सुपारी, कोयत्याला नारळाच्या सोडणाचा कुबट वास. मी एकेक पातं घेऊन खिडकीशी उभा राहून हुंगत होतो आणि माझी मलाच शिसारी येत होती. इतकी वर्षं जगाला नावं ठेवली आणि माझ्या घरात पपई कापण्याजोगं एक पातं नव्हतं. खिशातला तेव्हाचा चाकू पाहिला, तर त्याच्या खाचेत जुन्या आंब्याचा काळा राप बसलेला. तो मी तसाच कचऱ्यात टाकला.

मुंबईहून धाकटा भाऊ भेटायला आला, त्याला हे कळलं. त्याने मोठ्या ऐटीत स्वतःचा चाकू काढून मला दिला. लाल मुठीचा, परदेशातून आणलेला. त्यात दोन पाती, कात्री, करवत, बाटलीचं झाकण काढायचं काहीतरी, आणि एका टोकाला दात कोरायची पांढरी काडी. ती काडी कशी निघते हे दाखवायला त्याने ती काढली, जेवण नुकतंच झालं होतं म्हणून दोन दाढा कोरल्या, शर्टाला पुसली आणि परत जागच्या जागी बसवली. "एकदम सोयीचं आहे, दादा," म्हणाला. मी आभार मानले. तो चाकू पिशवीत घालून मी कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय. अजून तो पिशवीतून बाहेर काढलेला नाही.

मग आठवडा बाजारात लोहाराकडून एक घेतला, गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेला. धार अशी की कागद नुसता टेकवला तरी चिरावा. पण पपईच्या कडा काळवंडल्या आणि तिने तोंड वाकडं केलं. "जिभेवर खिळा ठेवल्यासारखं वाटतंय." त्यानंतर प्लास्टिकचा आणला. त्याने चिकू कापला जाईना, चिरडला जाई. ताटलीत जो लगदा उरला तो पाहून तिचं जाऊ द्या, मीच मोरीकडे गेलो.

या सगळ्यात भेटायला येणारे होतेच. आजारी माणसाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून प्रत्येक जण सफरचंदं आणायचा. मेण लावलेली, तुळतुळीत, वर स्टिकर. आणि सफरचंदांबरोबर सल्ला फुकट. गोमूत्र घ्या. कडुलिंब घ्या. आमच्या एकाला असंच झालं होतं, तो बरा झाला. दुसऱ्याला असंच झालं होतं, तो गेला. एक बाई तर पलंगावर बसून बायकोच्या ताटलीतली फोड उचलून खात खात म्हणाल्या, "तुम्ही खायला हवं हो." मी ती ताटली उचलून आत नेली. बायकोने नंतर माझी समजूत काढली, पण तिलाही हसू आलं होतं.

चाकू शेवटी मिळाला तो बागायतीचं सामान विकणाऱ्या दुकानात. मी तिथे वेगळ्याच कामाला गेलो होतो, परसातल्या कलमावरच्या तुडतुड्यांचं औषध घ्यायला. दुकानात फवारणीच्या औषधांचा वास डोळ्यांत जात होता. नाकाला रुमाल लावून उभा होतो, तेवढ्यात काचेच्या पेटीत कलमं बांधायचे चाकू दिसले. घडीचे. मूठ शिसवी, खिळे पितळेचे, पातं एकच, पातळ आणि सरळ. ना कात्री, ना काडी. खाच अशी रुंद की रुमालाची कड आत घालून पुसता यावी. मला एकदम आठवलं, कलम बांधणारी माणसं या बाबतीत माझ्यासारखीच. आपला चाकू ती कुणाला देत नाहीत आणि त्याने दुसरं काही कापत नाहीत, कारण पात्याला घाण असली की कलमाची जखम कुजते. इतक्या वर्षांत त्या लोकांबद्दल मला आपुलकी कशी वाटली नाही कोण जाणे.

मी चाकू उघडला आणि हुंगला. दुकानदार बघत राहिला.

"कलमं बांधायला काय?" त्याने विचारलं.

"नाही. पपई कापायला."

"पपईला घरचा चाकू चालतो की. हा काय करायचाय? ह्याची धार एकाच बाजूनं असते, फोड वाकडी जाईल."

"जाऊ दे वाकडी," मी म्हटलं. त्याने चाकू कागदात गुंडाळून दिला आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहून भुवया उडवल्या. ते मला काचेत दिसलं.

घरी आल्यावर चाकू उकळत्या पाण्यात धरला, धुतलेल्या पंच्याने पुसला आणि पपई कापली. फोडी वाकड्याच गेल्या. तिने एक खाल्ली. मी श्वास धरून बघत होतो. दुसरी खाल्ली.

"कसली लागतेय?" मी विचारलं.

"पपई लागतेय," ती म्हणाली.

इतकी चांगली बातमी मला कुणी बऱ्याच दिवसांत दिली नव्हती. मी बाहेर पडवीत जाऊन उगाच उभा राहिलो.

त्यानंतर तो चाकू माझ्या शर्टाच्या खिशात, पंच्याच्या फडक्यात गुंडाळलेला, सतत. पपई, चिकू, कलिंगड, आणि मेण खरवडून ती सफरचंदंसुद्धा. दुसऱ्या कशालाही तो लावायचा नाही हा घरातला कायदा. आंब्याचे दिवस आले तसा मी हापूसही त्यानेच कापून तिला द्यायला लागलो. वजन उतरायचं थांबलं. डोस वेळेवर झाले. चाकूने हे केलं असं मी म्हणणार नाही, पण मनात म्हणतच होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एकदा मी तिच्यासाठी चिकू कापून चाकू नुकताच पुसला होता. शेजारच्या बाकावरचा एक गृहस्थ म्हणाला, "भाऊ, जरा चाकू द्या बरं." मला वाटलं, त्याच्या पेशंटला फळ कापायचंय. अशा जागी नाही म्हणवत नाही. त्याने चाकू घेतला, चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याचं नख तासायला लागला. वर म्हणतो कसा, "धार झकास आहे." बायको मात्र इतकी हसली की तिला ठसका लागला आणि नर्स धावत आली. चाकू मी घरी येऊन किती वेळ उकळला ते विचारू नका. चाकू कुणाला देणार नाही म्हणून त्या दिवशी कानाला खडा लावला.

एप्रिलमध्ये काकी आली. लांज्याच्या आतल्या एका गावात राहणारी माझी थोरली काकी, माझ्या एकट्याने होत नाही म्हणून मदतीला. काकी प्रेमळ, कामाला वाघीण, पण सकाळी मागच्या दारी बसून मशेरी लावायची आणि कढीलिंबाच्या बुंध्याशी थुंकायची. बोट पदराला. त्याच पदराने चहाचं पातेलं उतरवायचं. मी काही बोलायला गेलो तर म्हणायची, "मेल्या, तू याच पदराला नाक पुसून मोठा झालायस." बायकोच्या खोलीत रात्री ती झोपायची, मी बाहेरच्या खोलीत. झोपताना शर्ट खुंटीला लावायचा आणि चाकू फडक्यासकट फडताळात ठेवायचा, असा माझा नेम.

मे महिना लागला आणि बायको पुन्हा खाईनाशी झाली. हापूसची फोड तोंडाशी नेऊन परत ठेवी. विचारलं तर म्हणे, "आज वास येतोय कसला तरी." मी सगळं तपासलं. ताटली बदलली, साबण बदलला, हात खळखळून धुतले. आंबा हुंगला, पाणी हुंगलं. चाकू हुंगला तर त्याला खरंच काहीतरी वास होता, पण तो खोबरेल तेलाचा की आणखी कशाचा ते कळेना. पुन्हा उकळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. वजनाचा काटा परत खाली यायला लागला आणि पुढचा डोस आठवड्यावर आला होता. एका सकाळी तर अशी वेळ आली की आदल्या दिवसापासून तिच्या पोटात ताकापलीकडे काही नव्हतं.

त्या सकाळी आंबा धुऊन ठेवला आणि फडताळ उघडलं, तर फडकं होतं, चाकू नव्हता. घर शोधलं. काकी मागच्या दारी मशेरी लावत होती. बायकोची चादर बदलायला म्हणून मी तिला खुर्चीत बसवलं, उशी उचलली, आणि उशीखाली माझा चाकू. मिटलेला. त्याच्याशेजारी अंगाऱ्याची पुडी सुटलेली, त्याची राख थेट खाचेत गेलेली. मुठीला केसांचं तेल. उशाशी लोखंड ठेवलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. बाळंतिणीच्या उशाशी ठेवतात, घाबरणाऱ्या पोराच्या ठेवतात. पण माझा चाकू? मला एका क्षणात सगळं दिसलं. रोज रात्री उशीखाली, आणि रोज पहाटे मी उठायच्या आत फडताळात, आज तेवढं राहिलेलं. मधे पुसलेला. कशाला पुसलेला, तेही दिसलं.

मी मागच्या दारी गेलो आणि काकीवर आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. तिचं पोट उपाशी आहे, डोस हुकेल, आणि तू त्या चाकूला मशेरीचा पदर लावतेस. तुझे देव, तुझे अंगारे, असं बरंच काही. शेजारचा कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला.

काकीने चूळ भरली. मग शांतपणे म्हणाली, "माझ्या अंगावर कशाला येतंस? मी आपल्या मनानं नाय ठेवला. तिनं मागितलान."

"कोणी?"

"तुझ्या बायकोनं. मी अडकित्ता देत हुते. नको बोलली. ह्यांचा तोच पायजे बोलली."

मी आत आलो. बायको खुर्चीतच होती, चाकू तिच्या मांडीवर. ओरडणं तिने सगळं ऐकलं होतं.

"त्यांना बोलू नका," ती म्हणाली. "मीच सांगितलं."

"तू?" मी म्हटलं. वर्गात कवटीचं चित्र लावून, भूत नसतं, हाडं असतात, असं पोरांना सांगणारी बाई.

"हो, मी. दिवा बंद केला की पायथ्याशी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. रोज. मला माहीत आहे, औषधाने होतं, मी वाचलंय. पण माहीत असून त्याचं बसायचं थांबत नाही. उशीखाली हात घातला आणि मूठ लागली की डोळा लागतो. बास, एवढंच."

"मग अडकित्ता का नको?"

"त्याला सुपारीचा वास येतो." तिने मांडीवरचा चाकू मुठीत घेतला. "आणि हा दिवसभर तुमच्या खिशात असतो."

माझा राग तसाच हातात राहिला, कुठे ठेवावा कळेना. तिला कशाकशाचा वास येतो हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिला कशाची भीती वाटते हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी त्या मुठीवरच्या तेलाची किळसही वाटत होती. दोन्ही एकदम वाटत होतं, काय करणार.

मी चाकू घ्यायला हात पुढे केला. म्हटलं, उकळतो आणि आंबा कापतो.

तिने चाकू सोडला नाही. "उकळलात तरी मला आता तो वास कळेल. राहू दे माझ्याजवळ." मग म्हणाली, "मागे रायवळ पडतोय ना? रात्रभर ऐकू येतं मला, धप् धप्. त्यातला एक आणा."

"तो कशाने कापू?"

"रायवळ कुणी कापतं का?"

मागे शेजाऱ्यांच्या रायवळ आंब्याचं जुनाट झाड आमच्या दगडी गडग्यावर वाकलंय. रत्नागिरीत जन्म गेला पण मी रायवळ कधी खाल्लेला नाही. दातांत अडकणारे ते धागे, कोपरापर्यंत ओघळणारा रस, पोरांच्या हनुवट्या, माश्या. बघूनच मला नको व्हायचं. झाडाखाली निम्मे फुटलेले, मुंग्या लागलेले, काही वटवाघळांनी चावून टाकलेले. आंबूस घमघमाट. नाक दाबून मी त्यातले धड बघून दोन उचलले, एकदा धुतले, परत धुतले. डॉक्टरांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते ते मनात आलं आणि तिसऱ्यांदा धुतले.

तिच्यासमोर स्टुलावर बसून मी त्यातला एक दोन्ही हातांनी दाबून दाबून माचायला घेतला. सालीखाली गर सुटतो, गोळा होतो, मध्ये कोय सरकते, ते सगळं बोटांना कळतं. देठाचं बोंड काढलं, चिकाचा पहिला थेंब पिळून टाकला आणि आंबा तिच्या तोंडाशी धरला. तिच्या हातात तेव्हा तो धरण्याइतकी ताकद नव्हती, आणि एक हात चाकूवर होताच.

तिने तोंड लावलं. मी वाट बघत होतो की आता मान वळवेल. तिने वळवली नाही. ती चोखत राहिली, लहान मूल चोखतं तशी, आवाज करत. रस तिच्या हनुवटीवरून माझ्या मनगटावर आला, घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरला, कोपराकडे निघाला. मी खालून हळूहळू पिळत राहिलो. साल रिकामी झाली तेव्हा तिने दातांनी कोय ओढून घेतली आणि तीही चोखली, धागे पांढरे होईपर्यंत.

मग कोय कुठे टाकावी म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. ताटली आणायला मी विसरलो होतो. मी हात पुढे केला आणि तिने ती कोय, लाळेची, कोमट, माझ्या तळहातावर ठेवली. अंगावर काटा आला. येणारच. हात मी मागे घेतला नाही.

"दुसरा द्या ना," ती म्हणाली.